तीन वाक्यांची भाजीवाली

खडकीत एकटी राहायला लागल्यावर एकदा मी दिवसभरात किती बोलते ते मोजलं होतं. सकाळी दूधवाल्याला ‘एकच’, दुपारी कुरियरवाल्याला ‘दुसरा मजला’, संध्याकाळी वाण्याकडे पोहे आणि काडेपेटी. बाकीचं सगळं टाइप केलेलं. ऑफिसातल्या लोकांशी लिहूनच बोलणं व्हायचं. कोणाला फोन करायचाच असला तर आधी लिहून विचारायचं, आत्ता केला तर चालेल का. महामारीत घरून सुरू झालेलं काम पुढे घरूनच राहिलं आणि हडपसरचं आमचं मोठं ऑफिस आवरून एका लहानशा मजल्यावर आलं. आठवड्यातून एकदा गेलं तरी चालायचं. खडकीहून हडपसर म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. हळूहळू मी तेवढंही जाणं सोडलं.

मी मूळची भंडाऱ्याकडची. पुण्यात येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती, तरी रिक्षात बसून दोन वाक्यं बोलले की रिक्षावाला विचारायचा, कुठल्या तुम्ही? लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर गावी जाण्याचं कारण उरलं नव्हतं. भाऊ रविवारी फोन करायचा आणि तिकडे किती ऊन आहे ते सांगायचा.

माझं काम लोकांना समजावून सांगणं जरा अवघड जातं. एखादा सिनेमा किंवा मालिका कुठे चित्रित करायची हे नुसतं जागा पाहून ठरत नाही. बरेच देश आणि राज्यं म्हणतात, आमच्याकडे या, आमची माणसं कामाला लावा, आमच्या हॉटेलांत राहा, आणि त्या खर्चातला काही भाग आम्ही परत देऊ किंवा करात सूट देऊ. अटी प्रत्येकाच्या वेगळ्या. कोणी घोड्याचं भाडं धरतं पण चारा धरत नाही. कोणाला शेवटच्या नामावळीत आपलं चिन्ह हवं असतं. मी या अटी वाचायचे, सरकारी कार्यालयांना पत्रं लिहून खात्री करून घ्यायचे आणि तक्ते करायचे. निर्माते तो तक्ता पाहून ठरवायचे. मी ज्या देशांबद्दल लिहायचे त्यातला एकही पाहिलेला नव्हता. चित्रीकरण तर कधीच पाहिलं नव्हतं. पण काम आवडायचं, हे खरं. अटी नीट वाचल्या की त्या फसवत नाहीत. माणसांचं तसं नसतं, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

समोरच्या दारातल्या काकूंनी पहिल्यांदा बेल वाजवली ती फोटो काढून घ्यायला. सहा महिने आम्ही समोरासमोर राहत होतो आणि जिन्यात हसण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो मॅडम, तुम्ही घरीच असता ना दिवसभर? माझे तीन फोटो काढा. समोरून, डावीकडून, उजवीकडून. पोलीस काढतात तसे.”

दारूगोळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला त्या तीस वर्षं होत्या. मिस्टर त्याच कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नाशिकला नोकरीला. निवृत्तीनंतर वर्षभर घरात बसून कंटाळल्या तेव्हा कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीने त्यांना एका को-ऑर्डिनेटरचा नंबर दिला. हा माणूस मालिकांना गर्दी पुरवायचा. लग्नात बसायला, हॉस्पिटलच्या बाकावर झुरायला, देवळात हात जोडायला माणसं लागतात, ती तो गाडीत भरून न्यायचा. काकू अशा गर्दीत जायच्या. त्याला त्या ‘पासिंगला जाणं’ म्हणायच्या, म्हणजे मुख्य नट बोलत असतात तेव्हा मागून चालत जायचं. पांढरी साडी नको, लाल नको, काठ झगमगीत नको, जेवण तिथेच, आणि दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाट पाहायची.

“मग कंटाळा नाही येत?” मी विचारलं.

“घरी बसूनही वाटच बघते की,” त्या म्हणाल्या. “तिथे निदान चहा मिळतो.”

फोटो मी भिंतीपाशी उभं करून काढले. त्यांना ते आवडले नाहीत, पण को-ऑर्डिनेटरला आवडले. त्यानंतर संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की त्या माझं दार वाजवायच्या किंवा मी त्यांचं. त्यांच्याकडे बुद्धाची एक लहान मूर्ती आणि निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ एकाच फळीवर होतं. चहा त्या आल्याचा करायच्या, इतका तिखट की पहिल्या दिवशी मला ठसका लागला होता. त्या सेटवरच्या गोष्टी सांगायच्या. कोणत्या मालिकेतला गरीब बाप कोणत्या मोटारीतून येतो, खोटं जेवण कसं वाढतात, खरी भाकरी असली तर ती दहाव्या टेकपर्यंत कशी चिवट होते. मी माझ्या कामाबद्दल फारसं सांगितलं नाही. सिनेमाच्या कंपन्यांसाठी कागदपत्रांचं काम करते, ऑफिस हडपसरला आहे, एवढंच म्हटलं. त्यांनीही खोदून विचारलं नाही. महिनाभरात मॅडमची मी ‘तू’ झाले.

मग त्यांना वाक्यं मिळाली. त्याआधी पाच वर्षांत एकही मिळालं नव्हतं, मिळाली ती एकदम तीन. परदेशी पैशावर होणारी एक मोठी मालिका होती, जुन्या काळातलं पुणं दाखवणारी. त्यात मंडईतल्या भाजीवालीचा एक प्रसंग होता. काकूंची चाचणी झाली आणि निवड झाल्याचा फोन आला. त्यांनी मला वाक्यं म्हणून दाखवली. “मेथी आजची आहे, बाई. हात लावून बघू नका, घ्यायची असेल तर हात लावा. आणि घरी जाऊन आईला विचारून या, पैसे तिच्याकडेच असतील.”

आईला विचारून या, हे त्या इतकं कोरडं म्हणायच्या की मला दर वेळी हसू यायचं. गिऱ्हाईक म्हणून मी समोर उभी राहायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “काय भाव देऊन राहिल्या?” आणि त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, पुण्याचं गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी तोंड वाकडं करतं, ते आधी शीक.

एका सकाळी आम्ही दोघी मंडईत गेलो. काकूंना बसण्याची ढब पाहायची होती. एका म्हाताऱ्या भाजीवालीसमोर आम्ही अर्धा तास उभ्या राहिलो. ती जुड्या बांधताना दोरा दातात कसा धरते, पाणी मारताना हात न बघता कसा फिरवते, हे काकू टक लावून बघत होत्या. शेवटी ती बाई म्हणाली, “बघायला आलात का घ्यायला? बघायचं असेल तर तिकीट लावते.” काकूंनी तिथेच ते वाक्य दोनदा पुटपुटलं. मेथीच्या सहा जुड्या घेतल्या, माझ्याकडच्या तीन मी चार दिवस निवडत होते. परत येताना बसमध्ये त्यांनी सांगितलं की केसांना कलप लावू नका असं त्यांना सांगितलंय, भाजीवाली पिकलेल्या केसांची हवी. भांगात बोटभर पांढरं दिसायला लागलं होतं. साठीत आल्यापासून त्या कलपाशिवाय बाहेर पडल्या नव्हत्या, पण आता जिन्यात कोणी भेटलं की मुद्दाम डोक्यावरचा पदर काढायच्या.

पुढच्या आठवड्यात माझ्या वरिष्ठांकडून नवं काम आलं. हे वरिष्ठ दुसऱ्या शहरात राहायचे. सभ्य माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत, प्रत्यक्ष आमची भेट कधी झाली नव्हती. एका मालिकेसाठी चार ठिकाणांची तुलना करायची होती. मालिकेचं नाव दिलेलं नव्हतं, आमच्याकडे ते कधीच देत नाहीत. पण प्रसंगांची यादी होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: भाजीबाजार, दगडी अष्टकोनी इमारत, हिवाळ्यातली सकाळ, विक्रेते आणि गर्दी.

पुण्याची मंडईच ती. मी ते पान दोनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन वाचलं. समोरच्या घरात काकू कुकर लावत होत्या, शिट्टी ऐकू येत होती.

चार ठिकाणांत एक आपलं होतं. दुसरं युरोपातला एक लहान देश, तिथे आधीपासून मोठे स्टुडिओ होते. मालिकेचा बराचसा भाग सेटवरच व्हायचा होता आणि त्या देशाच्या अटी जणू असल्या मालिकांसाठीच लिहिलेल्या. गर्दीसाठी माणसं तिथलीच हवीत, अशी अट होती. मी पुढे वाचत गेले. तिथलं म्हणजे तिथे जन्मलेलं नव्हे, तिथे राहून कर भरणारं. शिकायला गेलेला, तिथे फावल्या वेळात काम करणारा साताऱ्याचा मुलगासुद्धा त्या हिशेबात तिथलाच धरला जाणार होता. म्हणजे मंडईची गर्दीही तिकडे मिळणार होती.

दोन दिवस मी आपल्या बाजूने काही वजनदार मिळतं का ते शोधत राहिले. प्रवासाचा खर्च, सेट उभारण्याचा खर्च, तिकडची थंडी. प्रत्येक वेळी बेरीज तिकडेच झुकत होती. शेवटी मी एक परिच्छेद लिहिला. खरी जागा, खरी माणसं, दोरा दातात धरून जुडी बांधणारे हात दुसरीकडे मिळणार नाहीत, असं काहीतरी. माझ्या अहवालात मी असं कधी लिहिलं नव्हतं. वरिष्ठांनी फोन केला. परिच्छेद छान झालाय, असं ते मनापासून म्हणाले. मग म्हणाले, “पण हा तक्त्यात कुठे बसतो?”

मी म्हटलं, नाही बसत. त्यांनी तो काढला. मी हरकत घेतली नाही. शुक्रवारी अहवाल गेला.

त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा मला जड व्हायला लागला. निर्णय अजून झाला नसेल, असं मी स्वतःला सांगायचे. निर्माते आमचा तक्ता बघतात आणि कधीकधी उलटंही ठरवतात. शिवाय कामातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, असं नोकरी लागताना सही करून दिलेलं होतं. काकू वाक्यं म्हणायच्या, मी तोंड वाकडं करून उभी राहायचे. त्यांनी जुन्या बाजारातून एक विटलेलं नऊवारी लुगडं आणलं होतं. कंपनी कपडे देणार होती, तरी सवय व्हावी म्हणून त्या घरात ते नेसून बसायच्या.

महिनाभराने त्या दारात आल्या तेव्हा अंगावर रोजचीच साडी होती. को-ऑर्डिनेटरचा फोन आला होता. “शूटिंग बाहेर गेलं म्हणे,” त्या म्हणाल्या. “बाहेर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नाही. मुंबईला नेलं असेल. पण मंडईचं काम आहे, ते इथेच करावं लागेल ना? त्यासाठी येतीलच परत.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, बघू या.

त्यानंतरचे आठ दिवस मी विसरलेले नाही. काकूंनी फोन जवळ घेऊन बसायला सुरुवात केली. चहा करतानाही तो ओट्यावर. दुसऱ्या एका मालिकेत हॉस्पिटलच्या बाकावर बसायचं काम आलं होतं, ते त्यांनी नाकारलं, मधेच मंडईचा फोन आला तर म्हणून. कलपही लावला नव्हता. नवव्या दिवशी मी चहा पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं. कसली सवलत, कोण देतं, कशासाठी देतं, आणि तक्ता कोणी केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या सरकारला तिथल्या बायकांना काम द्यायचंय.”

“हो.”

“आणि तू ते कागदावर लिहिलंस.”

“हो.”

“बरोबर लिहिलंस का?”

“बरोबर होतं,” मी म्हटलं आणि डोळे पुसले.

“मग रडतेस कशाला? चुकीचं लिहिलं असतंस तर रडायचं.” त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. “तू नसतीस तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. कारखान्यात मी तीस वर्षं पेट्या भरल्या, त्या कुठे जातात ते कधी विचारलं नाही. त्याचं मला काही नाही. पण तुला त्या दिवशी दारातच माहीत होतं. आठ दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले आणि तू रोज इथे बसून चहा प्यायलीस.”

सही करून दिलेल्या कागदाचं मी काहीतरी बोलायला गेले, पण अर्ध्यावरच थांबले. त्या कागदाने मला महिनाभर गप्प बसवलं असेल, पण त्या आठ दिवसांआधीच को-ऑर्डिनेटरचा फोन येऊन बातमी बाहेर आली होती. तेव्हा मी गप्प बसले ती मला भीती वाटली म्हणून. हा रोजचा चहा बंद होईल, एवढीच भीती. ते मी त्यांना म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

चहा बंदच झाला. भांडण झालं नाही. जिन्यात भेटल्या की त्या विचारायच्या, जेवलीस का? मी हो म्हणायचे आणि त्या खाली उतरायच्या. दोन दिवसांनी केस काळे झालेले दिसले. भोंगा झाला की मी लॅपटॉपवरून मान वर करायचे आणि दाराकडे बघायचे. एकदा मी आपण होऊन त्यांची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, चहाही दिला. पण सेटवरची एकही गोष्ट सांगितली नाही. टीव्ही चालू होता, आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. कप विसळून मी परत आले, त्यानंतर आपण होऊन गेले नाही.

त्या पावसाळ्यात मी पुन्हा दिवसदिवस न बोलता राहायला लागले. मात्र आधी ज्याची सवय होती तेच आता सहन होईना. भावाला आठवड्याच्या मधेच फोन केला तर तो घाबरला, काय झालं म्हणून विचारायला लागला. काही नाही म्हटलं. त्याने तिकडच्या पावसाचं सांगितलं आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरात काकूंनी दार वाजवलं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला फोनवरून भरायचा होता आणि चेहरा दाखवला की ते यंत्र त्यांना ओळखत नव्हतं. मी त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं. डोळे मिटा, उघडा, मान सरळ ठेवा, असं करत तिसऱ्या वेळी जमलं. त्या हातातल्या फोनकडे बघत म्हणाल्या, “चला, आणखी वर्षभर जिवंत.” मी हसले, त्याही हसल्या. मला वाटलं, आता बसतील. पण त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या की मुलगा नाशिकला बोलावतोय, संक्रांतीनंतर जाईन म्हणते, गुडघेही आता जिना चढू देत नाहीत.

सामान फार नव्हतं. टेम्पोत चढवायला मी मदत केली. नऊवारी साडी त्यांनी कोणाला तरी देऊन टाकली होती. निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “घरात बसून राहू नकोस. त्या हडपसरला जात जा.” मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांच्या जागेत आता आयटीतलं एक जोडपं राहतं. दोघंही कानात यंत्रं घालून जिना उतरतात. मी आठवड्यातून तीन दिवस हडपसरला जाते. जाऊन-येऊन तीन तास मोडतात आणि तिथेही बहुतेक लोक मान खाली घालूनच बसलेले असतात, पण कॅन्टीनमधल्या बाई मला नावाने ओळखतात. अहवालाच्या शेवटी मी अलीकडे एक टीप घालते: इथे आधीच निवड झालेली माणसं असतील तर त्यांना लवकर कळवावं. वरिष्ठ कधी ती ठेवतात, कधी काढतात. काढली म्हणून मी विचारत नाही, आणि पुढच्या अहवालात ती पुन्हा लिहिते.

काकूंचा फोन दोन-तीन आठवड्यांनी येतो, बहुतेक दुपारी, नातू शाळेत असतो तेव्हा. परवा म्हणत होत्या, नाशिकला थंडी चांगली आहे, पण घरात सगळे संध्याकाळीच परत येतात, दिवस मोठा जातो. मग बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोललं नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी पाहिलं, तर चालू होता.

“आहेस ना?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मी म्हटलं.

“मग बोल काहीतरी. जेवायला काय केलं होतंस, तेच सांग.”